विशेष नग क्रमांक एक

आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्याची सुई शून्यावर कधीच थांबत नसे. काटा रिकामा असताना ती शून्याच्या अलीकडे दोन रेघांवर थरथरत राही, आणि दार जोरात लागले की तिसऱ्या रेघेवर जाई. माणूस वर चढला की तिचे मत आणखी डळमळीत होई. मी डाव्या पायावर भार दिला तर पंच्याण्णव किलो, उजव्यावर दिला तर अठ्ठ्याण्णव. श्वास रोखून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहिले तर सुई दोन्हींच्या मध्ये हेलकावत राही, आणि ती थांबण्याआधी माझा श्वास संपे.

तीन आठवडे वाचने घेऊन मी या काट्याची चूक काढली. ती अधिक-उणे दोन किलो निघाली. गव्हाचे पोते तोलायला एवढी चूक चालून जाते. मला मात्र आठवड्याला चारशे ग्रॅम मोजायचे होते.

कारण असे, की नव्याण्णव सालच्या जानेवारीत मी मुंबईला जाऊन जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा बसवून घेतला होता. पट्ट्याच्या आत फुग्यासारखी पोकळी असते. कातडीखाली बसवलेल्या एका बटणातून तिच्यात सुईने मिठाचे पाणी भरले की पट्टा आवळतो, काढले की सैल होतो. पट्ट्याच्या वर जठराचा लिंबाएवढा कप्पा उरतो. पोळीचा एक घास सत्तावीस वेळा चावावा लागतो, भाताला अठरा पुरतात. घाईने गिळले तर घास मध्येच अडतो, आणि मग माणूस पंगतीतून उठून खिडकीपाशी जातो व निसर्गाकडे टक लावून पाहू लागतो. त्या वर्षी मी सिल्वासातला निसर्ग पुष्कळ पाहिला.

डॉक्टर परदेशातून हे शिकून आलेले तरुण गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे माझ्यासारखे रुग्ण फार थोडे होते. ते म्हणाले, "बाई, वजन हळूहळूच उतरेल. दर रविवारी अनाशेपोटी वजन करा आणि आकडे पत्राने कळवत जा. पट्टा आवळायचा की नाही, ते आलेखावरून ठरवू."

आलेख हा शब्द ऐकून मला बरे वाटले. मी सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवते.

ऑपरेशनची गोष्ट फक्त माझे यजमान दत्तात्रय यांना ठाऊक होती. बाकी सर्वांना आम्ही पित्ताशयातला खडा काढला असे सांगितले. ही माझीच कल्पना. दर वर्षी नववीच्या वर्गाला मी पचनसंस्था शिकवते आणि शेवटी समतोल आहार व मनाचा निग्रह यांवर दहा मिनिटे बोलते. त्या बाईने पोटाला पट्टा बांधून घेतला हे कळल्यावर पोरे पुढच्या वर्षी त्या दहा मिनिटांत काय करतील, याचा विचार मला करवेना. "सांगू की सावकाश," मी दत्तात्रयांना म्हणाले. "नव्वदच्या खाली गेले की सांगते."

"शेजारी नलिनी राहते, एवढं लक्षात ठेव," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. ते बांधकाम खात्यात आहेत. कोणती भिंत किती दिवस टिकेल याचा त्यांना अंदाज असतो.

नलिनी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात टायपिस्ट होती. बाई मनाने चांगली. तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत किलवणी नाक्यापलीकडे पोचलेली असे, पण त्यात दुष्टावा अजिबात नसे. मी मुंबईहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली.

"विजयाताई, खडा दाखवा ना!"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. खडा काढलेली माणसे तो बाटलीत घालून घरी आणतात आणि पाहुण्यांना चहाबरोबर दाखवतात. मी म्हटले, बाटली सामानात आहे, उद्या दाखवते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून संगमरवराचा एक तुकडा आणला. आम्ही तो आम्लात टाकून कर्बवायू तयार करतो. नलिनीने तो उजेडात धरला.

"केवढा हो! आणि किती पांढरा! तुमचं खाणं सात्त्विक, म्हणून. माझ्या सासऱ्यांचा अगदी काळाकुट्ट होता."

खडा कॉलनीत नऊ घरी फिरून आला. परत आला तेव्हा त्याच्या बाटलीत कोणीतरी कापूर घातला होता.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून नलिनीने मला कुळथाचे कढण सुरू केले. रोज सकाळी साडेसहाला स्टीलचा पेला झाकून दारात हजर. कढण पातळ असल्यामुळे पट्ट्यातून निमूटपणे उतरे, तेव्हा नाही म्हणायला शास्त्रीय कारण नव्हते. पुढे माझे पोलके सैल पडू लागले. एका रविवारी नलिनी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "विजयाताई, हे कुळीथ आहे."

"काय?"

"तुम्ही उतरताय, ते कुळथाने!"

त्याच वेळी सांगून टाकायला हवे होते. पण तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मी म्हटले, "असेल." विज्ञान शिकवणाऱ्या बाईने आयुष्यात उच्चारलेला हा सर्वांत महागडा शब्द. महिनाभरात कॉलनीतल्या सगळ्या बायका कुळीथ पिऊ लागल्या. कोणाच्याही वजनात गुंजभर फरक पडला नाही. नलिनीचे तर दोन किलोंनी वाढले. पण प्रत्येकीला वाटे की दोष आपल्यातच आहे, आणि जी ती पेल्याचा आकार वाढवे.

तर प्रश्न काट्याचा होता. रेशनच्या दुकानातला काटा मी दुरून पाहिला. त्यावर चढायचे म्हणजे रांगेसमोर चढायचे. पोस्टातला पार्सलांचा काटा वीस किलोंवर थांबतो. सरकारी दवाखान्यातला काटा चांगला होता, पण तिथले कंपाउंडर आकडा मोठ्याने वाचत आणि सावकाश लिहीत. वापी स्टेशनावर रुपया टाकला की यंत्रातून तिकीट येते. मी अठरा किलोमीटर बसने जाऊन रुपया टाकला. चौऱ्याण्णव किलो, आणि मागे छापलेले भविष्य, 'आपल्या कष्टांचे चीज होईल.' खात्री करावी म्हणून दुसरा रुपया टाकला. एकशे एक किलो, 'परदेशगमनाचा योग.' मी बसने परत आले.

मार्ग दाखवला तो सोनीने. सोनी दहावीत होती, हुशार, पहिल्या बाकावर बसणारी. मापनातील चूक हा धडा चालू असताना तिने हात वर केला. "मॅडम, आमच्या पप्पांच्या काट्यावर पन्नास ग्रॅमपण कळतं. शंभर किलोला पन्नास ग्रॅम."

तिचे वडील सुकदेव शिरपूरकडचे. नरोलीला एका खोलीत बिऱ्हाड, आणि सायलीच्या त्याच धाग्याच्या कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते. धाग्याची खोकी तोलायची, पावती फाडायची, नोंद करायची. मी त्यांना निरोप पाठवला की डॉक्टरांना दर आठवड्याचे वजन कळवायचे आहे, आणि शक्य तर याची वाच्यता नको. उलट निरोप आला: "मॅडमना सांग, रविवारी सकाळी सातला या. नलिनीबेनला रविवारी सुट्टी राहते."

माणूस समजूतदार होता.

कारखान्याच्या गेटवर पहिला अडथळा आला. आत जाणाऱ्याला नोंदवहीत नाव आणि येण्याचे कारण लिहावे लागे. कारण काय लिहावे? 'वजन' लिहिणे शक्य नव्हते. मी पेन झटकले, विचार केला आणि लिहिले, 'शैक्षणिक'. पहारेकऱ्याने आदराने दांडा वर केला.

काटा म्हणजे जमिनीलगतची पोलादी फळी, तीन माणसे मावतील एवढी. भिंतीवर लाल आकडे. मी चपला काढू लागले तर सुकदेवभाऊ म्हणाले, "नका काढू मॅडम, खाली तेल आहे. पाय घसरी जाईल. मी टेअर मारी देतो."

"टेअर म्हणजे?"

"खोक्याचं वजन. ते वजा करायचं, म्हणजे निव्वळ माल उरतो."

म्हणून त्यांनी तिथे पडलेली माझ्या चपलांच्या मापाची दुसरी जोडी आणि माझी पर्स एकदा स्वतंत्र तोलली: आठशे पन्नास ग्रॅम. मग मी चढले. भिंतीवर आकडे लाल झाले, थरथरले नाहीत, एका क्षणात थांबले. त्यांनी बटण दाबले आणि यंत्रातून टरटर करत पावती निघाली. ग्रॉस ९८.२५०, टेअर ०.८५०, नेट ९७.४००. माझ्या आयुष्यातले पहिले अचूक वजन. मला गहिवरून आले, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

दुसरा अडथळा तिथेच होता, पण त्या दिवशी तो मला दिसला नाही. यंत्राच्या पावत्यांवर चढता क्रमांक आपोआप छापला जाई, आणि त्या क्रमांकासमोर मोठ्या वहीत मालाचे नाव लिहिल्याशिवाय पान पुरे होत नसे. सुकदेवभाऊंनी पेन कानावरून काढले.

"तुमचं नाव नाही लिहीत, मॅडम. बाईमाणसाचं वजन वहीत चांगलं नाही दिसत."

त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: 'विशेष नग क्र. १'.

"कधीच कुठे तुमचं नाव येणार नाही," ते म्हणाले. "माझी जबान."

तेव्हापासून दर रविवारी मी शैक्षणिक कारणासाठी सायलीला जाऊ लागले. सात वाजता आत, सात दहाला बाहेर. नग हळूहळू कमी होत होता. पट्ट्याचा स्वभाव सरकारी कामासारखा असतो. काम होत असते, पण चालू असल्याचे दिसत नाही. एप्रिलमध्ये तीन आठवडे आकडा हललाच नाही. मी मुंबईला जाऊन पट्टा आवळून आणला, की एकदम सातशे-आठशे ग्रॅम उतरत. मग पुन्हा चारशे, तीनशे, दोनशे. सहा आठवड्यांनी पुन्हा मुंबई.

जुलैत नलिनीच्या रोहनचा वाढदिवस झाला. श्रीखंड-पुरी. नलिनीने माझ्या ताटाशेजारी बसकण मारली. "विजयाताई, तुम्ही काही खातच नाही. एक पुरी. माझी शपथ! बरं, रोहनची शपथ!" शपथेवर पट्टा सैल होत नाही हे तिला सांगता येत नव्हते. ती श्रीखंड आणायला वळली की मी एक पुरी पर्समध्ये टाके. दुसऱ्या दिवशी काट्यावर सुकदेवभाऊ आकड्याकडे पाहून विचारात पडले. "मॅडम, आज वजन वाढलं? की पर्स भारी आहे?" पर्स उघडून पाहिली. सहा पुऱ्या होत्या. त्यांनी त्या वेगळ्या तोलल्या, टेअरमध्ये घातल्या, आणि नोंद पुरी केली. इतक्या प्रामाणिक माणसावर पुढे जे आले ते यायला नको होते.

जुलैच्या शेवटी मी नव्वदच्या खाली गेले. दत्तात्रय म्हणाले, "मग? सांगणार होतीस."

"गणपती होऊ देत."

गणपती झाले. "दिवाळी होऊ दे," मी म्हणाले. दिवाळीत मात्र एक शास्त्रीय सत्य माझ्या पदरात पडले: पट्टा चकली अडवतो, चिवडा अडवतो, पण बासुंदी अडवत नाही. बासुंदी तो जशी काही ओळखीची असल्यासारखी सोडून देतो. त्या रविवारी नगाचे वजन सातशे ग्रॅमने वाढले. सुकदेवभाऊंनी नोंद केली, आणि मी निघताना फक्त म्हणाले, "सणासुदीचं होई जातं, मॅडम."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांच्या हातात कारखान्याचे पत्र होते. योग्य मार्गाने आलेले, तीन शिक्के असलेले.

"पेडणेकरबाई, तुम्ही म्हणे दर रविवारी कारखान्यात अभ्यासाला जाता? बोलला नाहीत कधी! केवढी ही निष्ठा. त्यांना तुमचं शास्त्रीय मत हवंय. शाळेचा मान आहे हा. उद्या दहा वाजता जा, मी ऑन ड्यूटी लावतो."

पत्रात लिहिले होते: 'गोदामातील एका मालाच्या वजनात सातत्याने घट येत असून, सदर घट नैसर्गिक आहे किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय द्यावा.'

मी पत्र दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात मला तो माल ओळखू आला.

त्या संध्याकाळी सोनीची आई केसरबाई आमच्याकडे आली. ती याआधी कधी आली नव्हती. दारातच उभी राहिली, पदर तोंडाला.

"मॅडम, ह्यांना कामावरून बसवलं हो. तीन दिवस झाले. मुंबईचा साहेब म्हणतो, चोरी केली. कसला तरी नग आहे म्हणे वहीत, तो गोदामात सापडत नाही."

"ते काय म्हणतात?"

"काही बोलतच नाहीत! मी म्हटलं, सांगा ना काय आहे ते. तर म्हणतात, जबान दिली आहे, बाईमाणसाच्या इज्जतीचा सवाल आहे." केसरबाईने पदर खाली घेतला. डोळ्यांत पाणी होते, पण त्याहून राग जास्त होता. "मॅडम, हे दर रविवारी दाढी करून जायचे! सुट्टीच्या दिवशी पण जायचे. मी म्हणायची, ओव्हरटाइम असेल. आता पहारेकरी म्हणतो, एक बाई यायची सकाळी सकाळी. दहा मिनिटांत जायची. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा, दहा मिनिटांसाठी कोणती बाई येते वं माय?"

मी तिला चहा दिला. चहा देताना माझे बोट कपाच्या कानात अडकले. 'ती बाई मी' हे तीन शब्द जिभेवर आले होते, पण केसरबाईच्या हातात पाऊस नसताना छत्री होती आणि मला आधी कुठून सुरुवात करावी हे समजेना. मी म्हटले, "तुमचा नवरा सोन्यासारखा आहे."

"ते तुम्हाला काय माहीत?" केसरबाई म्हणाली, आणि माझ्याकडे जरा निरखून पाहू लागली.

दत्तात्रय आतून आले, नमस्कार केला आणि उद्या सगळे मिटेल असे त्यांनी तिला सांगितले. ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "मिटेल ना?"

"मिटेल," मी म्हणाले. रात्रीच्या जेवणाचा पहिला घास मी बेचाळीस वेळा चावला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर होते. मुंबईच्या मुख्य कचेरीतून आलेले तपासनीस अनंत केळुसकर होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. दाराशी सुकदेवभाऊ उभे होते, दाढी तीन दिवसांची. आणि कोपऱ्यात, टाइपरायटरवर कागद चढवून, नलिनी बसली होती. मला पाहून ती अभिमानाने हसली आणि तपासनिसांना म्हणाली, "आमच्या शेजारीच राहतात. फार हुशार. आणि पूर्वी एवढ्या होत्या!" तिने दोन्ही हात पसरले. "कुळथाने उतरल्या."

"बसा, मॅडम," केळुसकर म्हणाले. "तुम्ही रविवारी इथे अभ्यासाला येता असं गेटवहीत दिसलं, म्हणून तसदी दिली. तेवीस वर्षं मी गोदामं तपासतोय. पण असा चोर पाहिला नाही. हे बघा."

त्यांनी टेबलावर आलेखाचा कागद उलगडला.

मी तो ओळखला. तसाच कागद माझ्या कपाटात होता, फक्त शाई निराळी.

"हा विशेष नग क्रमांक एक. सात फेब्रुवारीला सत्त्याण्णव किलो चारशे. गेल्या रविवारी एक्याऐंशी किलो दोनशे. सोळा किलो माल नाहीसा! तोसुद्धा कसा? आठवड्याला चारशे ग्रॅम. चोर एकदम हात मारत नाही. सबुरी आहे त्याला. इथे एप्रिलमध्ये बघा, तीन आठवडे काही नाही. चोर रजेवर. मग दर सहा आठवड्यांनी त्याला अचानक जोर येतो. का? ते मला कळलं नाही."

मला कळले होते. मुंबईच्या गाडीची तिकिटे मी जपून ठेवली आहेत.

"आणि हे पाहा, दिवाळी." त्यांचा आवाज हळू झाला. "सातशे ग्रॅम वाढ. चोराने माल परत आणून ठेवलाय, मॅडम! मन खाऊ लागलं असेल. सणाचे दिवस, घरात पोरंबाळं... मी तर रात्रभर त्याच्याबद्दल विचार करत होतो. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा सुरू."

"मी साहेबांना सांगितलं ना," सुकदेवभाऊ दारातून म्हणाले, "ओल उडी जाते धाग्यातली."

"आणि दिवाळीत वाढलं ते?"

"दंव पडतं ना, साहेब."

"आणि नग आहे कुठे? तीन दिवस सगळं गोदाम उपसलं. सोळा किलो थोडं थोडं गेलं, आता उरलेला एक्याऐंशी किलोही गायब! तो काय पायांनी चालत गेला?"



"तर मॅडम," केळुसकर माझ्याकडे वळले, "एकच प्रश्न. पॉलिस्टरच्या धाग्यातला ओलावा उडून एवढी घट येऊ शकते का? तुम्ही हो म्हणालात तर मी फाइल बंद करतो. नाही म्हणालात तर मला पोलिसांत द्यावं लागेल."

मी पाणी मागितले. पेल्यातले पाणी चमच्याचमच्याने प्यायले, कारण मला तसेच प्यावे लागते, आणि शिवाय वेळ जातो. हो म्हणणे फार सोपे होते. एक अक्षर. सुकदेवभाऊ सुटले असते, सोनीची दहावी पार पडली असती, मी पुढच्या रविवारी दुसरा काटा शोधला असता. मी तोंड उघडले.

"पॉलिस्टर ओलावा धरतच नाही," मी म्हणाले. "शंभर किलोला चारशे ग्रॅम, बस. सोळा किलो अशक्य आहे."

हे मी म्हणाले नाही, बावीस वर्षांच्या सवयीने म्हटले. चुकीचे उत्तर मला फळ्यावर लिहिता येत नाही, तोंडाने तर त्याहून नाही. मग नलिनीच्या बोटांखाली टाइपरायटर खडखडू लागला.

"म्हणजे चोरीच," केळुसकर म्हणाले, पण त्यांना आनंद झालेला दिसला नाही. त्यांचा त्या चोरावर जीव बसला होता.

मी सुकदेवभाऊंकडे पाहिले. आता ते बोलतील, बोट दाखवतील, निदान रागाने पाहतील, असे मला वाटले. खरे तर तसे व्हावे अशी इच्छा होती. त्यांनी तोंड पुसले आणि मॅनेजरना म्हणाले, "साहेब, मॅडमना जाऊ द्या आता. त्यांना अकराला नववीचा तास असतो. पोरं बसी राहतील."

नलिनीने कागद यंत्रातून ओढून काढला आणि वाचून दाखवला: "'माझ्या मते सदर घट नैसर्गिक नाही.' इथे सही करा, विजयाताई. खाली तारीख."

मी पेन हातात घेतले. खिडकीबाहेर ट्रकमध्ये खोकी चढत होती. आजूबाजूला निसर्ग काहीच नव्हता. मी पेन खाली ठेवले.

"नलिनी, कागद परत चढव," मी म्हणाले. "मत अपुरं आहे."

तिने कागद चढवला. "हं, सांगा."

"लिही. विशेष नग क्रमांक एक गोदामात सापडणार नाही, कारण तो दर रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी स्वतःच्या पायांनी गेटबाहेर जातो."

टाइपरायटर थांबला. केळुसकरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. दारातून सुकदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, नको. जबान..."

"तुमची जबान तुम्ही पाळलीत, सुकदेवभाऊ. आता मी बोलते." माझा आवाज वर्गात असतो तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा निघाला. बाहेर खोकी उचलणारेसुद्धा थांबले. "लिही, नलिनी. तो नग म्हणजे विजया दत्तात्रय पेडणेकर, विज्ञान शिक्षिका. कारखान्याचा धागा एक ग्रॅमही कमी झालेला नाही. कमी झाले ती मी. जानेवारीत मुंबईला ऑपरेशन करून मी जठराला पट्टा बसवून घेतलाय, आणि सोळा किलो त्याने गेले. कुळथाने नाही. टाइप कर, मी सही करते. आणि मग ज्यांना ज्यांना सांगायचं असेल, त्यांना खुशाल सांग."